सिक्युरिटी कन्सोलवर ‘क्रिटिकल’ अलर्ट आला, तर काय करायचं?

आपल्या मोबाइलवर अँटिव्हायरसची सूचना आली की ती फक्त आपल्यालाच दिसते. पण कॉलेजची लॅब किंवा ऑफिस म्हटलं की शेकडो कॉम्प्युटर आणि मोबाइल आले. प्रत्येकासमोर जाऊन बसणं शक्य नसतं. म्हणून तिथे सगळ्यांवर एकाच ठिकाणाहून लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर वापरतात. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, कॅस्परस्की सिक्युरिटी सेंटर आणि पुण्याच्या क्विक हील कंपनीचं सेकराइट ही त्यातली काही नावं.

हे चालतं कसं?

प्रत्येक उपकरणावर ‘एजंट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो. तो तिथली माहिती मुख्य सर्व्हरला पाठवतो आणि अॅडमिनला ती कन्सोलवर, म्हणजे एका स्क्रीनवर, दिसते. कॅस्परस्कीमध्ये प्रत्येक उपकरणाला ओके, वॉर्निंग किंवा क्रिटिकल असा दर्जा मिळतो. बाकीच्या सॉफ्टवेअरमध्येही अशाच पायऱ्या असतात, फक्त नावं थोडी वेगळी.

क्रिटिकल म्हणजे व्हायरसच सापडला असं नाही. संरक्षण बंद पडलंय, व्हायरसची यादी खूप जुनी झालीये किंवा उपकरण बरेच दिवस सर्व्हरशी बोललेलंच नाही, अशा कारणांनीही ते लाल होऊ शकतं. गप्प बसलेला एजंट हलक्यात घेऊ नका. हल्लेखोर आत शिरला की बऱ्याचदा आधी संरक्षणच बंद पाडतो.

अलर्ट आला, पण पुढे काहीच झालं नाही

२०१३ सालचं अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीचं उदाहरण बघा. चोरांनी बिलिंगच्या मशीनमध्ये मालवेअर घातलं आणि सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती पळवली. तेव्हा आलेल्या बातम्यांनुसार, सुरक्षा यंत्रणेने नोव्हेंबरच्या शेवटीच इशारे दिले होते. बंगळुरूमधल्या टीमने ते पाहून मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवलंही. पण तिथे लगेच काही कारवाई झाली नाही. पुढे डिसेंबरमध्ये सरकारी यंत्रणांनी सांगितल्यावर कंपनी हलली.

म्हणजे सॉफ्टवेअरने त्याचं काम केलं होतं. ‘आता हे कोण बघणार?’ हा प्रश्न मात्र तसाच राहिला. रोज शेकडो सूचना आल्या की माणसाची नजर मरते आणि खरी सूचनाही त्याच ढिगात जाते. म्हणून अलर्ट ‘वाचला’ म्हणजे काम झालं असं समजू नका. प्रत्येक लाल अलर्टवर एका माणसाचं नाव लागलं पाहिजे.

अलर्ट आल्यावर क्रमाने काय करायचं?

१. नीट वाचा. कोणतं उपकरण, कोणता युजर, कोणती फाइल आणि किती वाजता, हे टिपून घ्या. मग ‘काय कारवाई झाली’ तो रकाना बघा. ‘ब्लॉक केलं’ आणि ‘साफ करता आलं नाही’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

२. खरं आहे का ते तपासा. कधी कधी साधा प्रोग्रॅमही व्हायरस म्हणून पकडला जातो. युजरला फोन करून विचारा, ‘तुम्ही आत्ता काही डाउनलोड केलंय का?’ तीच फाइल अजून कुठे दिसते का, तेही कन्सोलवर शोधा.

३. उपकरण वेगळं काढा. संशय पक्का वाटला, तर नेटवर्क तोडा. डिफेंडरसारख्या काही सॉफ्टवेअरमध्ये ‘आयसोलेट’ची सोय असते. बाकी नेटवर्क तुटतं, पण कन्सोलशी संपर्क राहतो. बिलिंगचा किंवा डेटाबेसचा सर्व्हर असेल तर आधी जबाबदार व्यक्तीला विचारा, नाहीतर अख्खं कामकाज ठप्प होईल.

४. घाईने बंद किंवा फॉरमॅट करू नका. मशीन बंद केलं की मेमरीतले पुरावे जातात. फॉरमॅट केलं की व्हायरस आला कुठून, हे कळायचा मार्गच संपतो.

५. वाट शोधा आणि बुजवा. पेन ड्राइव्ह, ईमेल, जुनं सॉफ्टवेअर की चोरीला गेलेला पासवर्ड? फाइल पुसली आणि वाट तशीच ठेवली, तर अलर्ट पुन्हा येणार. पासवर्ड बदलायचे असतील तर ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला.

६. नोंद करून मगच अलर्ट बंद करा. काय झालं, काय केलं, कोणी केलं, हे दोन-चार ओळींत लिहा. भारतात सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून ६ तासांच्या आत कंपन्यांना त्यांची माहिती द्यावी लागते. लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. त्यामुळे ‘उद्या बघू’ चालत नाही.

तुमच्या मोबाइलचा काय संबंध?

ऑफिसचं ईमेल मोबाइलवर घेताना ‘वर्क प्रोफाइल’ बनवलं असेल, तर तुमचा फोनही त्या कन्सोलवरची एक ओळ असू शकतो. अपडेट टाळलं किंवा फोन रूट केला, तर तिकडे तो लाल दिसू शकतो आणि ऑफिसचं ईमेल बंद होऊ शकतं. फोन हरवला तर लगेच आयटी विभागाला कळवा. अँड्रॉइडच्या तुमच्या स्वतःच्या फोनवर ते फक्त वर्क प्रोफाइल पुसू शकतात, तुमचे घरचे फोटो तसेच राहतात. म्हणून ‘ओरडा बसेल’ या भीतीने लपवू नका.

आणि एक लक्षात ठेवा. ब्राउझरमध्ये अचानक ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर कॉल करा’ असं आलं, तर तो सापळा समजा आणि टॅब बंद करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

आधीच सराव करून ठेवा

आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते. अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस म्हणून पकडतात. परवानगी घेऊन ती एका मशीनवर टाका आणि घड्याळ लावा. अलर्ट कन्सोलवर किती वेळात दिसला, तो कोणी उघडला, रविवारी आला असता तर कोणी उघडला असता? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिलं काम तेच: कन्सोलशेजारी दोन जणांची नावं आणि फोन नंबर लिहून ठेवा.