विद्येचा खर्च आणि भीमाकाठची रयत

भीमेच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड हे आपल्या ज्ञातीच्या अनेक घराण्यांचे दोन तालुके. दौंडचा बराचसा मुलूख पूर्वी भीमथडी तालुक्यात मोडत असे. या टापूचे नाव देशाच्या इतिहासात नोंदले गेले ते विद्येसाठी नव्हे, कर्जासाठी. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकाराशी व्यवहार तोडला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे जमावाने कर्जखते हिसकावून जाळली आणि पाहता पाहता हे लोण केडगाव व शिरूरपर्यंत पोहोचले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला व १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. हे सर्व आपल्या शाळांच्या क्रमिक पुस्तकांत आहे. परंतु त्याच वर्षांत याच रयतेच्या साऱ्यातून आणखी एक खर्च चालला होता, आणि तो विद्यापीठाचा होता, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६२ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती पहिले पदवीधर बाहेर पडले. त्या काळच्या सरकारी महाविद्यालयांत विद्यार्थी फी भरीत, पण प्राध्यापकांचे पगार आणि इमारती सरकारी तिजोरीवर उभ्या होत्या. तिजोरीचा मोठा आधार जमीनमहसूल. शिवाय १८६३ पासून साऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविण्यात आला; त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी ठरला होता. म्हणजे करड्याचा कुणबी सावकाराचे व्याज भरीत होता, सरकारचा सारा भरीत होता, वर शिक्षणाचा आणा भरीत होता. आणि त्याचा मुलगा गुरे राखीत होता.

हा हिशेब सर्वांत स्पष्ट शब्दांत मांडला तो जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, सरकारचे उत्पन्न मुख्यतः रयतेच्या घामातून येते आणि त्यातून वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर सढळ हाताने खर्च होतो, असे त्यांनी बजावले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही त्यांची मागणी सर्वश्रुत आहे. त्याच निवेदनातील दुसरी एक सूचना मात्र फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही, आणि आम्हांस ती फार मोलाची वाटते. मॅट्रिकच्या परीक्षेस खाजगी अभ्यास करून बसता येते, तशीच मुभा वरच्या परीक्षांनाही असावी, असे त्यांनी सुचविले होते. ज्यास पुण्या-मुंबईस राहण्याची ऐपत नाही, त्याने घरी बसून पदवी का मिळवू नये? पुढे पुणे विद्यापीठाची बहिःस्थ परीक्षा आणि १९८९ पासूनचे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांनी हेच दार उघडले. नोकरी सांभाळून रात्री अभ्यास करून पदवी घेतलेले वडीलधारे ज्यांच्या घरी आहेत, त्यांना या सूचनेची किंमत निराळी सांगावयास नको.

हंटर आयोगाने सल्ला दिला तो असा की, सरकारने उच्च शिक्षणातून हळूहळू अंग काढावे व खाजगी संस्थांना अनुदान द्यावे. सरकारने हात आखडला तेव्हा खर्च नाहीसा झाला नाही. तो दुसऱ्याच्या पदरात पडला. १८८५ साली निघालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयात तो पडला आजीव सभासदांच्या पदरात. गोपाळराव गोखले यांच्यासारख्यांनी महिना पंचाहत्तर रुपयांवर वीस वीस वर्षे शिकविण्याची शपथ घेतली. म्हणजे विद्यार्थ्याची निम्मी फी शिक्षकाच्या बायकामुलांनी भरली असेच म्हणावयाचे. त्यागाचे आम्ही कौतुक करतो, पण त्यागावर महाविद्यालये कायमची चालत नाहीत.

मुलींच्या शिक्षणाचा पैसा कोठून आला, हे पाहावयास आपल्याला दौंड तालुक्याबाहेर जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदासदन काढले ते अमेरिकेतील बॉस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळीच्या दहा वर्षांच्या आर्थिक हमीवर. सदन पुढे पुण्यास आले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी आणलेल्या शेकडो अनाथ मुलींसह केडगावी मुक्तिसदनाचा पसारा उभा राहिला. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी त्या काळी पुण्यात पुष्कळ वाद झाले. ते येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. एवढेच म्हणतो की, आपल्या विधवा मुलींच्या शिक्षणास आपल्या समाजाने पैसा दिला नाही, म्हणून तो सातासमुद्रांपलीकडून आला. या शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या, आणि कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले. चार चार आण्यांच्या वर्गण्यांवरही समाधान मानणाऱ्या अण्णांना १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली. आता पैसा घरचा होता, हा फरक लहान नव्हे.

संस्थानिकांचे औदार्य सर्वांस ठाऊक आहे. शाहू छत्रपतींनी १९०१ सालापासून कोल्हापुरात ज्ञातीज्ञातींची वसतिगृहे उभी करविली. फी माफ झाली तरी परगावच्या मुलाने राहावे व जेवावे कोठे, हा प्रश्न त्यांनी बरोबर हेरला होता. आपल्यासारख्या ज्ञातिमंडळांच्या विद्यार्थिगृहांचे मूळ तेथे आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांस बी. ए. साठी दरमहा पंचवीस रुपये आणि १९१३ साली अमेरिकेस जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षे दिले. त्या बदल्यात करार होता तो दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा. करार होता खरा. परंतु त्यात व्याज नव्हते आणि बाप जामीन नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

त्याच आंबेडकरांनी १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना दाखवून दिले की, कला महाविद्यालयांवरील खर्चापैकी सुमारे ३६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल होते. हा शिक्षणाचा व्यापार होय आणि शिक्षण होईल तितके स्वस्त केले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. फुले आणि आंबेडकर यांत काहींना विसंगती दिसते. एकाने उच्च शिक्षणावरील सरकारी खर्चाला नावे ठेवली, दुसऱ्याने तो वाढवा म्हटले. आम्हांस विसंगती दिसत नाही. ज्याने पैसा भरला त्याच्या मुलाला विद्या मिळावी, हाच दोघांचा आग्रह. १८८२ मध्ये ते मूल वर्गात नव्हते, १९२७ मध्ये ते दाराशी येऊन उभे होते.

स्वातंत्र्यानंतर हे दार बरेच उघडले. कर्मवीर भाऊरावांच्या साताऱ्याच्या महाविद्यालयात मुले श्रम करून शिकू लागली. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत, बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, वार्षिक बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली. या 'ई. बी. सी.' सवलतीने आपल्या किती घरांत पहिला पदवीधर दिला, याची मोजदाद एकदा मंडळाने करावी. शिरूरला चांदमल ताराचंद बोरा यांचे नाव धारण करणारे महाविद्यालय झाले; ज्या घोडनदीच्या पेठेत आमच्या पणजोबांचे अंगठे कर्जखतांवर उठत, तेथेच त्यांची पणतवंडे पदवीच्या अर्जावर सही करू लागली.

१९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, कर्नाटकात जाणारा पैसा राज्यात राहिला, हे मान्य केले पाहिजे. पण खर्च पुन्हा आईबापांच्या पदरात आला, आणि २००१ सालच्या शैक्षणिक कर्जयोजनेनंतर तो बँकेमार्फत येऊ लागला. लहान कर्जास तारण लागत नाही; परंतु वडिलांची सही लागते. ज्या गावांनी खते जाळली, त्या गावांत आता विद्येचे खत लिहिले जाते. बँक सावकार नव्हे, व्याजही ते नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही पाण्याच्या पाळीवर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्याला आणि कोवळ्या मुलाच्या पहिल्या पगाराला हे ओझे सारखेच जड आहे.

२०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी शासनाने पूर्ण माफ केली. हे योग्यच झाले; फी ही तिजोरीनेच सोसावयाची, कारण तिजोरी रयतेची आहे. मात्र पुण्यातील खोलीचे भाडे, खाणावळीचे पैसे, दौंडहून रोज जाणाऱ्या मुलीचा रेल्वेचा पास आणि शिरूरहून जाणारीचा एस. टी. चा पास यांना या फीमाफीत स्थान नाही. मंडळाचा निधी फीकडून काढून या खर्चाकडे वळवावा, आणि हल्ली काही सभासद सुचवितात त्याप्रमाणे तो कर्जरोख्यावर न देता शिष्यवृत्ती म्हणूनच द्यावा, असा प्रस्ताव आम्ही यंदाच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवीत आहोत. मिळवते झाल्यावर ज्यास परत करावेसे वाटेल, त्याने पुढच्या एका मुलाचे वर्षाचे खोलीभाडे भरावे. पावती मंडळाच्या नावाने मिळेल.