बंदराची भिंत आणि समुद्राचा हिशेब

स्मरणिकेचे काम सुरू झाले की मंडळाची मंडळी मला म्हणतात, "साहेब, यंदा रेल्वेबद्दल काहीतरी लिहा." यंदा रुळांवरून उतरून थोडे समुद्राकडे जातो आहे.

आपल्यापैकी बरेच जण लोकलने चेन्नई बीच स्टेशनला येतात-जातात. नाव बीच, पण समोर वाळू नाही, बंदराचे आवार आहे. बदली होऊन इथे आलो तेव्हा मला याचे नवल वाटले. चौकशी करत गेलो आणि एक मोठा इतिहास हाती लागला.

आपल्या मुंबईला निसर्गानेच बंदर दिले. मद्रासला मात्र सरळ, उघडा किनारा. जहाजे दूर नांगर टाकत आणि माणसे व माल काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांतून लाटा ओलांडून येत. शेवटी विल्यम पार्क्स या इंजिनिअरच्या आराखड्याप्रमाणे १८७६ मध्ये काम सुरू झाले. तीन हजार फुटांचे अंतर ठेवून दोन बंधारे समुद्रात न्यायचे, टोकाशी एकमेकांकडे वळवायचे आणि पूर्वेला मधोमध दार ठेवायचे. तळाशी दगडांची रास, वर काँक्रीटचे अजस्र ठोकळे.

काम संपत आले असताना नोव्हेंबर १८८१ मध्ये चक्रीवादळ आले आणि बंधाऱ्याचा मोठा भाग ढासळला. पुन्हा उभारणी पूर्ण व्हायला १८९० चे दशक उजाडले.

दगडांच्या उतरत्या राशीवर लाट आली की पाणी फटींत शिरते आणि जोर विरतो. उभी भिंत लाटेला परत फेकते, ते पाणी पायथ्याशी खणत राहते. पायथा सरकला की वरचा ठोकळा कितीही जड असो, उपयोग नाही. हे मी पुस्तकात वाचले होते, पण शिकलो एका पुलावर. भरावाचे बोल्डर पिचिंग पावसाळ्यात घसरले. मी वरचे दगड नीट रचून घेतले. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच! आमचा म्हातारा मिस्त्री म्हणाला, "सार, वर काय बघता, खाली बघा." उकरून पाहिले तर पायथ्याची भिंत खालून पोकळ झाली होती. पदविका माझ्याकडे होती, नजर त्याच्याकडे.

मद्रासला वादळापेक्षा चिवट शत्रू होता तो वाळूचा. या किनाऱ्यावर वर्षाचा बराच काळ वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. बंधाऱ्याने तिची वाट अडवली. ती दक्षिणेला साचू लागली आणि पुढे सरकत बंदराच्या दारापर्यंत आली.

१९०४ मध्ये पोर्ट ट्रस्टची सूत्रे सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्याकडे आली. हे मूळचे रेल्वेचे इंजिनिअर. पुलाजवळ नदीला वळण लावणाऱ्या गाइड बंडवरचे त्यांचे १९०३ चे पुस्तक आमच्या खात्यात प्रसिद्ध आहे. (याच ट्रस्टमध्ये १९१२ साली रामानुजन कारकून होते आणि स्प्रिंग यांनी त्यांना मदतीचा हात दिला.) स्प्रिंग यांच्या काळात पूर्वेचे दार बंद झाले आणि ईशान्येला आडोशाच्या बंधाऱ्यामागे नवे दार उघडले. इतक्या कष्टाने बांधलेले दार चुकीच्या जागी आहे हे मान्य करायला मोठे मन लागते. मला तर भिंतीपेक्षा या कबुलीचेच कौतुक जास्त वाटते.

पण समुद्राचा हिशेब तिथेही मिटला नाही. दक्षिणेला अडलेल्या वाळूने मरिनाचा किनारा रुंद झाला. उत्तरेला वाळू पोहोचेना, म्हणून तिकडचा किनारा खचू लागला. रायपुरमपासून वरच्या कोळी वस्त्यांनी घरे गमावली. तिथे दगड टाकून किनारा राखावा लागतो, आणि दगड खचले की पुन्हा टाकावे लागतात.

विसर्जन आटोपून मरिनाच्या वाळूवर आपण भेळ खात बसतो. ती वाळू कुणाच्या तरी अंगणातून आलेली आहे, एवढे यंदा आठवले तरी पुरे.

गणपती बाप्पा मोरया!