बँटिंग आहारपद्धती

पिष्टमय व गोड पदार्थ कमी करून वजन उतरवण्याची एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी आहारपद्धती. लंडनचे विल्यम बँटिंग (१७९६–१८७८) यांच्या नावाने ओळखली जाते. इन्शुलिनच्या शोधातील फ्रेडरिक बँटिंग वेगळे.

उगम : बँटिंग घराण्याचा व्यवसाय अंत्यविधींची व्यवस्था पाहण्याचा, राजघराण्यातील अंत्यविधीही त्यांच्या पेढीकडे असत. वयाच्या ६६ व्या वर्षी विल्यम यांची उंची ५ फूट ५ इंच, तर वजन २०२ पौंड (सु. ९२ किग्रॅ.) होते. वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे आणि जिना पाठमोरा उतरावा लागे. ऑगस्ट १८६२ मध्ये बहिरेपणाच्या तक्रारीसाठी ते कर्णरोगांचे शल्यचिकित्सक विल्यम हार्वी यांच्याकडे गेले. हार्वी यांनी पॅरिसमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांची यकृत व शर्करा यांविषयीची व्याख्याने ऐकली होती. त्या आधारे त्यांनी आहार बदलून दिला. सुमारे वर्षभरात बँटिंग यांचे वजन ४६ पौंडांनी उतरले. १८६३ मध्ये त्यांनी ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’ ही पुस्तिका स्वखर्चाने छापली.

आहार : वर्ज्य पदार्थ पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटा. सकाळी ४–५ औंस मांस किंवा मासे, बिनदुधाचा व बिनसाखरेचा चहा आणि १ औंस (सु. २८ ग्रॅ.) कोरडा टोस्ट. दुपारी ५–६ औंस मासे (सामन सोडून) किंवा मांस (डुकराचे सोडून), बटाट्याखेरीज कोणतीही भाजी, पुन्हा १ औंस टोस्ट व २–३ पेले क्लॅरेट किंवा शेरी. सायंकाळी २–३ औंस फळे, एखाददुसरा रस्क व चहा. रात्री ३–४ औंस मांस वा मासे आणि क्लॅरेट. पाव निषिद्ध असूनही टोस्टचा औंस राहिला, हे लक्षणीय. पुस्तिकेत बहुतेक जिनसांपुढे माप दिलेले आहे. मद्याचे प्रमाण मात्र आजच्या दृष्टीने अधिक ठरते.

व्यायाम : हा आहार सुरू करण्याआधी बँटिंग यांनी पहाटे दोन तास नाव वल्हवून पाहिली. स्नायू बळकट झाले, पण भूक भडकली आणि वजन वाढत गेले. शेवटी वल्ही सोडावी लागली. यावरून व्यायाम निरुपयोगी असा निष्कर्ष काढता येत नाही. त्या काळी त्यांचा आहार मोकळाच होता. म्यूनिकचे वैद्य माक्स योझेफ एर्टेल यांनी १८८० च्या दशकात आहारनियमनाला चढणीवरील मोजक्या, क्रमाने वाढवलेल्या चालीची जोड दिली.

शरीरक्रिया : प्रौढ शरीरात यकृतात सु. १०० ग्रॅ. व स्नायूंत सु. ४०० ग्रॅ. ग्लायकोजेन (पिष्ट व शर्करा म्हणजे कर्बोदकांचे साठवणीचे रूप) साठते. प्रत्येक ग्रॅमबरोबर सु. ३ ग्रॅ. पाणी असते, म्हणून कर्बोदके तोडताच पहिल्या आठवड्यात उतरणारे वजन बरेचसे पाण्याचे असते. सावकाश चालण्याला चरबीचे इंधन पुरते. वेगाने धावणे, जिने चढणे किंवा जोर-बैठका यांसाठी स्नायूंना ग्लायकोजेन लागते. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात निष्णात चालशर्यतपटूंवर झालेल्या अभ्यासात अत्यल्प कर्बोदकांच्या आहाराने त्यांना तेवढ्याच वेगासाठी जास्त प्राणवायू लागला. सामान्य माणसाच्या व्यायामाला हा निष्कर्ष कितपत लावावा, याविषयी मतभेद आहेत.

परिणाम : २०१८ च्या अमेरिकी चाचणीत (६०९ प्रौढ, १२ महिने) कमी चरबीच्या गटात सरासरी ५·३ किग्रॅ., तर कमी कर्बोदकांच्या गटात ६·० किग्रॅ. वजन घटले, हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता.

दक्षता : इन्शुलिन किंवा रक्तशर्करा उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना भात-पोळी तोडून व्यायामही वाढवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते, मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

भारतीय आहार : डाळी-उसळींतून प्रथिनांबरोबर कर्बोदकेही येतात, त्यामुळे शाकाहारी ताटाला मूळ यादी जशीच्या तशी लागू पडत नाही.

भाषा : स्वीडिशमध्ये बँटिंग यांच्या नावावरून आलेले ‘बांता’ हे क्रियापद वजन उतरवण्यासाठी आहार आवरणे या अर्थी आजही रूढ आहे.