५७ हजार फोटो आणि दोन मैल

भाचा यंदा बीए झाला. पुढं जनसंपर्काचा कोर्स करायचा म्हणतो. घरात ही नोकरी नेमकी कसली, ते कुणालाच कळेना. शेवटी बहिणीनं मला विचारलं, “भाईजान, ही खोटं बोलायची नोकरी तर नाही ना?”

मी याच धंद्यात इतकी वर्षं काढली, तरी चटकन उत्तर देता आलं नाही. कॉलेज संपल्यावर पहिल्या मुलाखतीला गेलो होतो, तेव्हा समोरच्यानं माझं नाव वाचलं आणि विचारलं, “उर्दू पेपरवाले तुम्ही सांभाळाल ना?” मी मराठी माध्यमात शिकलेलो. उर्दू बोट ठेवून वाचतो. तेव्हापासून एक कळलं, की दुसऱ्याची ओळख करून द्यायला निघालेल्या माणसाला आधी स्वतःची करून द्यावी लागते.

भाच्याला घेऊन पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात गेलो. दादासाहेब फाळके म्हटलं की सगळे सिनेमा काढणारा माणूस बघतात. मला त्यांच्यात आपल्या धंद्यातला माणूस दिसतो. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, मग फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात नोकरी, छापखाना, मधेच जादूचे प्रयोग. आजच्या भाषेत सांगायचं तर ‘करिअर’ काही धड नव्हतं. चाळिशी उलटल्यावर सिनेमाचं वेड लागलं, आणि भांडवल मागायला गेले तर कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी लेखी योजना पाठवत बसण्यापेक्षा कुंडीत वाटाणा पेरला, रोपाच्या वाढीचे रोज थोडे थोडे फोटो घेतले आणि पडद्यावर ते रोप भराभर वाढताना दाखवलं. पैसे उभे राहायला सुरुवात झाली.

नटमंडळींची अडचण निराळी होती. सिनेमात काम करणं म्हणजे बदनामी. फाळक्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, की कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरी करतो म्हणा. तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही, म्हणून ग्रँट रोडच्या हॉटेलातले अण्णा साळुंके उभे राहिले. तिथं दहा रुपये मिळायचे, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. (आमच्याकडेही मी ‘कंपनीत आहे’ एवढंच सांगितलं जायचं. निकाह ठरताना मोठी पंचाईत झाली होती.)

२१ एप्रिल १९१३ ला मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निवडक मंडळी आणि पत्रकारांना ‘राजा हरिश्चंद्र’ आधी दाखवला गेला. ३ मे रोजी कोरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला. योगायोग असा, की आपल्याकडे जनसंपर्क दिन पाळतात तोही २१ एप्रिललाच. १९६८ मध्ये त्या दिवशी दिल्लीत जनसंपर्कवाल्यांची पहिली अखिल भारतीय परिषद भरली होती आणि तिथं व्यवसायाची नीतिसंहिता स्वीकारली गेली.

सुरतेला मात्र गणित बसेना. पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये. लोकांना दोन आण्यांत सहा सहा तास नाटक बघायची सवय, इथं तीन आण्यांत दीड तास. फाळक्यांनी दर उतरवला नाही, खेळही लांबवला नाही. जाहिरात बदलली: ५७ हजार फोटो, पाऊण इंच रुंदीचे, दोन मैल लांब, आणि सगळं तीन आण्यांत! गल्ला तीनशेच्या घरात गेला, असं सांगतात.

हे एकट्या फाळक्यांचं डोकं नव्हतं. सुरतेचेच अब्दुलअली युसुफअली त्याच्या किती आधीपासून तंबूतला बायोस्कोप घेऊन गावोगाव, पार सिंगापूरकडे फिरत होते. पुढं अर्देशीर इराणींबरोबर त्यांनी मुंबईत थिएटरं चालवली. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ लागला ते मॅजेस्टिक त्यातलंच. सिनेमाच्या इतिहासात त्यांचं नाव एखाद्या ओळीत येऊन जातं, आपल्या पोरांना तेही माहीत नसतं.

फाळके १९१३ मध्येच नाशिकला आले. १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी आपल्या धंद्याविषयी लेख लिहिले, आणि चित्रपट कसा तयार करतात हे दाखवणारी फिल्मही काढली. माझ्या मते सुरतेच्या जाहिरातीपेक्षा हे काम मोठं. ज्या धंद्याची लाज वाटून कारखान्याचं नाव सांगावं लागत होतं, त्याचं दार त्यांनी स्वतः उघडून दाखवलं.

भाचा मोबाइल काढून गुणाकार करत होता. ५७ हजार गुणिले पाऊण इंच, म्हणजे साडेतीन हजार फुटांच्या वर थोडं. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबीही सुमारे ३,७०० फूट होती, तेव्हा फोटोंचा आकडा खरा. पण दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फूट.

“मामू,” तो म्हणाला, “फोटो बरोबर मोजले. मग मैल तिप्पट कशाला केले?”

परत येताना शालीमारपर्यंत आम्ही त्यावरच भांडत होतो. घरी बहिणीनं पुन्हा विचारलं तेव्हा, “याला विचार,” म्हणून मी चहा मागितला.