थुंब्याचा नारिंगी ढग

२१ नोव्हेंबर १९६३ च्या सायंकाळी, सूर्य मावळल्यावर, केरळच्या किनाऱ्यावरील लोकांना आकाशात एक नारिंगी ढग दिसला. तो पाण्याचा नव्हता. अग्निबाणाने सोडलेल्या सोडियमच्या वाफेचा होता. भूमीवर अंधारून आले तरी १०० किलोमीटरपलीकडे ऊन असतेच. त्या उन्हात सोडियमचे अणू उजळतात, आणि ढग कसकसा वाहत जातो याची खालून छायाचित्रे घेतली की तेथल्या वाऱ्याचा वेग कळतो. एवढ्यासाठी हा सारा खटाटोप!

अग्निबाण अमेरिकेचा, वाफेचे साहित्य फ्रान्सचे. मग आपले काय? आपली होती जागा. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त थुंबा या कोळ्यांच्या गावाजवळून जात होते, म्हणून डॉ. विक्रम साराभाईंनी ती पसंत केली. बिशप पीटर बर्नार्ड परेरांनी विचारताच गावकऱ्यांनी आपले चर्च दिले, घरेही सोडली.

आणि आपले होते हात. अब्दुल कलामांनी आत्मचरित्रात सांगितले आहे की, ऐन वेळी क्रेनच्या हायड्रॉलिक यंत्रणेला गळती लागली. दुरुस्तीला सवड नव्हती. तेव्हा मंडळींनी अग्निबाण अंगबळाने उचलून प्रक्षेपकावर चढवला. कामगारांत हयात घालवलेल्या आम्हांला यात नवल वाटले नाही. आनंद मात्र फार झाला.

त्या चर्चमध्ये आज अवकाश-संग्रहालय आहे. साराभाईंचे नाव आम्हांला पुस्तकोपुस्तकी भेटले, बिशपांचेही भेटले. घरे सोडून गेलेल्या कोळ्यांपैकी एकाचेही अद्याप भेटलेले नाही. आम्ही शोधतो आहोत.