नोंदीबाहेरची आवक

जुना पुणे नाका, विजापूर नाका, बोरामणी नाका ही नावे सोलापुरात अद्याप रूढ आहेत. जकात उठली, तरी शहरात येणाऱ्या मालाची वेशीवर झडती व्हावी हा जुना विचार त्या नावांतून शिल्लक राहिला. परंतु जॅकार्डच्या छिद्रित पत्त्यांवरून चादरीची नक्षी विणणाऱ्या याच शहरात, विसाव्या शतकाच्या अखेरीस, संगणक प्रथम पेढ्यांवर, मग सनदी लेखापालांच्या कचेऱ्यांत आणि पुढे घरोघरी येऊन बसला, तेव्हा त्याच्या वेशीवर कोणाची नेमणूक करावी, याचा विचार फारसा कोणी केला नाही.

उपखंडातील संगणक-विषाणूंच्या उपद्रवाचा आरंभ लाहोरचा. 1986 मध्ये तेथील बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी, आपल्या वैद्यकीय प्रणालीच्या चोरट्या नकला होतात म्हणून, रचलेला ‘ब्रेन’ हा विषाणू सव्वापाच इंची फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये दडून बसे आणि माणसाच्या खिशातून गावोगाव फिरे. पुढे, मार्चअखेरीचे हिशेब मिटवून ताळेबंदाची जुळवाजुळव चालते अशाच दिवसांत, 26 एप्रिल 1999 रोजी, तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने रचलेला ‘सीआयएच’ जगभर जागा झाला; हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग तो पुसून टाकी, आणि काही यंत्रांच्या मदरबोर्डवरील बायोसही असा निकामी करी की संगणक चालूच होऊ नये.

या संकटावरील एक उपाय मराठी मुलखातच निपजला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे दुरुस्तीसाठी येणारे संगणक विषाणूंनी बाधित असल्याचे दिसू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी या विषाणूंच्या निवारणाची प्रणाली लिहिली, आणि 1990च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ बाजारात आले.

औषध मिळाले, तरी ते नित्य घेण्याची शिस्त दुर्मीळ होती. अँटिव्हायरस हा मुळात नाक्यावरचा कारकून. त्याच्या हाती निषिद्ध मालाची यादी असते, आणि यादीत जे नाही ते सहसा त्याच्या डोळ्यांदेखत आत जाते. ती यादी सतत ताजी ठेवावी, तर डायल-अपच्या काळात अपडेट उतरविण्यास वेळ लागे आणि टेलिफोनचे बिलही वाढे. शिवाय एकदा खरेदी केलेल्या जिनसेसाठी दरसाल पुन्हा रक्कम मोजावी, हे व्यापाऱ्याच्या हिशेबी मनाला पटत नसे. घरी मुलांच्या खेळांना यंत्र मंद पडते म्हणून रक्षकच बंद ठेवला जाई. कचेरीची कथा अधिक खेदजनक, कारण जेथे साध्या अर्जाचीही आवक-जावक नोंदवहीत तारीखवार नोंद होते, तेथे पेनड्राइव्ह मात्र बिनदिक्कत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाई, आणि फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागल्यावर विषाणू कोणी आणला हे सांगण्यास दप्तरात एक ओळही सापडत नसे. वस्तुतः या कामासाठी एका माणसाची नावानिशी नेमणूक होणे, हे कोणत्याही महागड्या प्रणालीहून अधिक निकडीचे होते, आणि आजही आहे.

दिरंगाईची किंमत 2017 मध्ये उघड झाली. विंडोजमधील दोषावरची दुरुस्ती 14 मार्चला प्रसृत झाली असूनही, 12 मे रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या असंख्य संगणकांतील फायली खंडणीसाठी कुलूपबंद केल्या. त्याच वर्षी 27 जूनला ‘नॉटपेट्या’ आला, आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. हा विषाणू प्रथम पसरला तो युक्रेनमधील एका हिशेबी प्रणालीच्या अधिकृत अपडेटमधून, म्हणजे जो माल तपासण्याचे कोणाही कारकुनाला कारण वाटले नसते अशा मालातून. मर्स्कला आपले जाळे पुन्हा उभारण्यासाठी आवश्यक असलेल्या माहितीची एक शाबूत प्रत अखेर घानातील कचेरीत मिळाली, आणि ती वाचली होती ती हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्यामुळे.