हवा, थेंब आणि पाच मायक्रॉनची रेषा

या पाठाची सुरुवात एका तारखेपासून करू. 28 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने समाजमाध्यमांवरून जाहीर केले की कोविड-19 हवेतून पसरत नाही. तो खोकताना, शिंकताना, बोलताना उडणाऱ्या थेंबांतून पसरतो आणि हे थेंब जड असल्यामुळे लगेच खाली पडतात, असे स्पष्टीकरण सोबत होते. तुमच्यापैकी बहुतेक जण तेव्हा शाळेत होते. हात धुवा, अंतर ठेवा, वस्तू पुसून घ्या, हे तुम्हाला पाठ झाले असेल. खिडक्या उघडा, हे मात्र त्या पहिल्या काही महिन्यांत फार कमी वेळा ऐकू आले.

हे सांगणारे तज्ज्ञ अडाणी नव्हते. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत जे छापलेले होते तेच ते सांगत होते. मग पाठ्यपुस्तकांत ते आले कुठून? मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, इतिहास हा माझा विषय नाही. पण या प्रश्नाचे उत्तर शोधताना डॉक्टर आणि अभियंते यांच्यामध्ये हरवलेली एक गोष्ट सापडते, म्हणून हा पाठ.

१. दूषित हवेचा सिद्धांत

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील बहुतेक वैद्य असे मानत की कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारी घाणेरडी हवा रोग उत्पन्न करते. या सिद्धांताला मायाझ्मा म्हणत. 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील साथीत जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचा संबंध पाण्याच्या पंपाशी जोडला, तेव्हा त्यांना विरोध झाला तो याच सिद्धांताच्या नावाने.

म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर हेही पाण्यातल्या जंतूला कॉलऱ्याचे पुरेसे कारण मानायला तयार नव्हते. आपला मुद्दा सिद्ध करण्यासाठी 1892 मध्ये ते कॉलऱ्याचे जंतू असलेला द्राव स्वतः प्यायले. थोडा त्रास झाला, पण ते वाचले. त्यांचा कॉलऱ्याविषयीचा तर्क चुकला. पण याच माणसाने 1858 मध्ये घरांतील हवेच्या अदलाबदलीवर मोजमापासह काम प्रसिद्ध केले होते. बंद खोलीतील माणसांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड जमा होतो. तेवढ्या प्रमाणात तो विषारी नसतो, पण खोलीतली हवा किती वापरली गेली आहे हे त्यावरून कळते. त्याचे प्रमाण 0.1 टक्का, म्हणजे दहा लाख भागांत 1000 भाग, याच्या वर जाऊ नये, असे त्यांनी सुचवले. आजही वर्गखोलीतल्या हवेची चर्चा याच आकड्यापासून सुरू होते. चुकीचा सिद्धांत मानणाऱ्या माणसाकडून एक पक्के मोजमाप आपल्याला मिळाले, हे लक्षात ठेवा.

२. मुंबईतील प्लेग: उजेड आणि वारा

आपल्या देशातले उदाहरण घेऊ. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. दाट वस्तीतील कोंदट, अंधाऱ्या खोल्यांना दोष दिला गेला. सूर्यप्रकाश आत यावा म्हणून घरांची कौले काढली गेली. 1898 मध्ये मुंबईसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या वस्त्या पाडून समुद्राकडचा वारा शहरात आणणारे रुंद रस्ते काढणे हे त्याचे एक मोठे काम होते. इमारतींमधल्या अंतरासाठी ट्रस्टने 63½ अंशांचा नियम पुढे आणला. भिंतीच्या तळापासून जमिनीशी 63½ अंशांचा कोन करणारी रेषा काढली, तर ती समोरच्या इमारतीवरून मोकळ्या आकाशात गेली पाहिजे. 63½ अंशांची टॅन्जंट किंमत जवळजवळ 2 येते. म्हणजे समोरची इमारत मधल्या अंतराच्या दुपटीहून उंच नको.

पण त्याच 1898 मध्ये पॉल-लुई सीमाँ यांनी प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे प्रयोगाने दाखवले आणि पुढे प्लेग आयोगाच्या मुंबईतल्या कामाने त्याला दुजोरा मिळाला. गाठीच्या प्लेगवर वाऱ्याचा उपाय लागू नव्हता. चाळींतल्या क्षयरोगावर मात्र तो लागू होता.

३. हवा बाद होते

1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला. आता रोग म्हणजे जंतू हे ठरले. जंतू एका माणसातून दुसऱ्यात कसा जातो, एवढाच प्रश्न उरला. जर्मनीतील कार्ल फ्ल्युगे यांनी 1897 च्या सुमारास दाखवले की नुसते बोलतानाही तोंडातून जंतू असलेले बारीक थेंब उडतात. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्य अधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी 1910 मध्ये संसर्गाच्या मार्गांवर पुस्तक लिहिले. त्यांचा निष्कर्ष असा होता की बहुतेक रोग जवळच्या संपर्कातून पसरतात आणि हवेला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही.

त्यांचा युक्तिवाद समजून घ्या, कारण तो व्यवहारी होता. रोग हवेतून येतो असे लोकांना वाटत राहिले, तर हात धुणे आणि जवळचा संपर्क टाळणे त्यांना शिकवणार कसे? श्वास तर कुणी थांबवू शकत नाही. मायाझ्माच्या अंधश्रद्धेशी लढणाऱ्या पिढीला हे पटले. जवळ गेल्यावर रोग लागतो, म्हणजे तो जड थेंबांनीच लागतो, असे गृहीत धरले गेले. जवळ उभे राहिल्यावर समोरच्याच्या श्वासातली हवाही सर्वांत दाट मिळते, ही शक्यता बाजूला पडली. उदबत्तीचा धूर आठवा. जवळ तो दाट असतो, लांब विरळ होतो, पण तरंगत सगळीकडेच असतो.

४. वेल्स आणि गिनीपिग

1934 मध्ये हार्वर्डमधील विल्यम फर्थ वेल्स यांनी थेंबाच्या प्रवासाचा हिशेब मांडला. थेंब खाली पडत असतो आणि त्याच वेळी सुकतही असतो. आधी काय घडते? त्यांच्या हिशेबाने सुमारे 100 मायक्रॉनपेक्षा मोठा थेंब सुकण्याआधी जमिनीवर पोहोचतो. त्याहून लहान थेंब वाटेतच सुकतो आणि त्याचा हलका अवशेष हवेत तरंगत राहतो. या अवशेषांना त्यांनी ड्रॉपलेट न्यूक्लिआय असे नाव दिले.

वेल्स आणि त्यांच्या पत्नी डॉ. मिल्ड्रेड वीक्स वेल्स यांनी पुढे फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत वर्गांच्या वरच्या भागात अतिनील दिवे बसवले. 1941 च्या गोवराच्या साथीत दिवे असलेल्या वर्गांतली मुले बरीच कमी आजारी पडली. इतरांनी हाच प्रयोग दुसरीकडे केला तेव्हा असे स्पष्ट निकाल आले नाहीत. मुले शाळेच्या बसमध्ये आणि इतरत्रही एकत्र येत होती, तिथे दिवे नव्हते. वैद्यक क्षेत्राने मात्र कल्पनाच फेटाळली.

निर्णायक पुरावा बाल्टिमोरमध्ये मिळाला. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात रिचर्ड रायली यांनी वेल्स यांच्यासह माजी सैनिकांच्या रुग्णालयात सहा खाटांचा एक क्षयरोग कक्ष तयार केला. कक्षातली हवा नळांतून वरच्या मजल्यावरील सुमारे दीडशे गिनीपिगांच्या खोलीत सोडली. रुग्ण आणि प्राणी यांचा दुसरा कोणताही संबंध नव्हता. तरी महिन्यामागून महिना गिनीपिगांना क्षय होत गेला. पुढच्या टप्प्यात तीच हवा अतिनील किरणांखालून नेल्यावर त्या खोलीतल्या एकाही गिनीपिगाला संसर्ग झाला नाही. क्षय हवेतून पसरतो, हे यानंतर मान्य झाले. पण तो अपवाद म्हणून.

याच काळात मद्रासमध्ये दुसरा महत्त्वाचा अभ्यास चालू होता. 1956 मध्ये सुरू झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने 1959 मध्ये दाखवले की गरीब वस्तीतल्या घरी राहून औषधे घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात आणि त्यांच्या घरच्यांना संसर्गाचा धोका वाढत नाही. लाखो गरीब कुटुंबांसाठी ही मोठी सुटका होती. तिची एक बाजू मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. सॅनेटोरियमे ओस पडली आणि त्यांच्याबरोबर रुंद व्हरांडे, समोरासमोर खिडक्या, उंच छत ही रुग्णालय बांधण्याची समजही मागे पडली.

५. पाच मायक्रॉन आले कुठून?

2020 च्या पाठ्यपुस्तकांत रेषा अशी होती: 5 मायक्रॉनपेक्षा लहान कण हवेत तरंगतात, मोठे कण एक-दोन मीटरवर पडतात. ही रेषा तुम्ही स्वतः तपासू शकता. दुसऱ्या वर्षाच्या द्रायुयांत्रिकीत स्टोक्सचे सूत्र शिकवतात:

v = ρgd² ÷ 18μ

पाण्याची घनता 1000 किलोग्रॅम प्रति घनमीटर, हवेची श्यानता 0.000018 पास्कल-सेकंद घ्या. 5 मायक्रॉनच्या कणाचा वेग सेकंदाला सुमारे 0.76 मिलिमीटर येतो. दीड मीटर उंचीवरून खाली यायला त्याला 33 मिनिटे लागतील, तीही हवा अगदी स्थिर असेल तर. पंखा फिरणाऱ्या वर्गात हवा स्थिर कधीच नसते. झटपट खाली पडणारा कण हवा असेल तर 100 मायक्रॉनपर्यंत जावे लागते. तो पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. वेल्स यांनी 1934 मध्ये हेच सांगितले होते.

मग 5 हा आकडा? 2021 मध्ये केटी रँडल, लिन्सी मार आणि सहकाऱ्यांनी जुनी कागदपत्रे तपासून त्याचा माग काढला. क्षयाचा जंतू फुप्फुसाच्या अगदी आतल्या वायुकोशांपर्यंत पोहोचला तरच रोग धरतो आणि तिथे साधारण 5 मायक्रॉनपेक्षा लहान कणच पोहोचतात. हा क्षयापुरता आणि फुप्फुसाच्या खोलीविषयीचा आकडा होता. तो पुढे 'हवेत तरंगणाऱ्या कणांची मर्यादा' म्हणून छापला गेला. पुस्तकातून पुस्तकात उतरत गेला आणि कुणी सूत्रात घालून पाहिला नाही. डॉक्टरांना वाटले, भौतिकशास्त्राने तपासला असेल. आम्हा अभियंत्यांना वाटले, रोगाचा विषय डॉक्टरांचा. आम्ही वायुवीजनाचा विचार करत होतो तो प्रामुख्याने वास आणि उकाडा यांपुरता.

६. 2020 आणि नंतर

10 मार्च 2020 रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. 61 जण हजर होते, त्यांतील एकाला लक्षणे होती. नंतर आणखी 52 जण निश्चित किंवा संभाव्य रुग्ण ठरले. सगळ्यांना थेट थेंब लागले, हे पटणारे नव्हते. जुलै 2020 मध्ये लिडिया मोराव्स्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी हवेतून होणाऱ्या प्रसाराची दखल घ्या, असे आवाहन प्रसिद्ध केले. त्याला 239 शास्त्रज्ञांचा पाठिंबा होता. भाषा हळूहळू बदलली. एप्रिल 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी परिभाषा जाहीर केली. तिच्यात थेंब आणि हवेतले कण यांना वेगळे करणारी आकाराची रेषा काढून टाकली आहे. सर्व आकारांच्या कणांना 'संसर्गजन्य श्वसनकण' असे एकच नाव दिले आहे.

७. तुमची वर्गखोली

शेवटी हिशेब तुमच्या खोलीचा. बसलेला प्रौढ माणूस सेकंदाला साधारण 0.005 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाखांत 420 च्या आसपास आहे. खोलीत 1000 ही पातळी राखायची तर फरक 580 चा. 0.005 ला 0.00058 ने भागा. माणशी सेकंदाला सुमारे 8.6 लिटर ताजी हवा लागते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला 500 लिटरांहून अधिक.

आमच्या संगणक प्रयोगशाळेत भिंतीवरचा एसी लावला की खिडक्या घट्ट बंद होतात. मी वर्गात विचारतो, हा एसी बाहेरची हवा किती आणतो? बहुतेक मुले काहीतरी आकडा सांगतात. बरोबर उत्तर शून्य. तो खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो. छताचा पंखाही तेच करतो, फक्त थंड न करता. यात एखादा क्षयाचा रुग्ण बसलेला असेल तर त्याच्या श्वासातली हवा दिवसभर सगळ्यांच्या वाट्याला येते. ज्या देशात क्षयाचे रुग्ण जगात सर्वांत जास्त आहेत, तिथे ही केवळ पुस्तकी शक्यता नाही.

स्वाध्याय: आपल्या वर्गाची लांबी, रुंदी, उंची मोजा. उघडता येतील अशा खिडक्या मोजा आणि त्यांतल्या किती खरोखर उघडतात तेही मोजा. वारा आत येऊन बाहेर जायला समोरासमोर वाट आहे का, ते पाहा. मग वरचा हिशेब करून प्राचार्यांना एक पानी टिपण द्या. आकडे पुस्तकातून उतरवू नका, स्वतः मोजा.